पुढच्या दाराच्या सहा पायऱ्या

माझ्या आईनं आमच्या घरात पुढच्या दारानं यावं, एवढीच माझी इच्छा होती. यात चूक काय, ते मला कुणी सांगितलं नाही असं नाही. बायकोनं सांगितलं, समोरच्या हर्शेलनं सांगितलं, गावच्या वारसा समितीनं तर लेखी कळवलं. पण पटेल असं कुणी सांगितलं नाही.

आमच्या हॅडली गावात किराणा दुकान एकच आहे आणि जगप्रसिद्ध इमारती अकरा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बटणांच्या कारखान्याच्या मालकाला नामवंत वास्तुशिल्पकार गोळा करायचा छंद जडला, त्याची ही फळं. आमचं अग्निशमन केंद्र इतकं देखणं आहे की बंब बाहेर काढताना चालकाला तीनदा पुढेमागे करावं लागतं. ग्रंथालयाच्या तिरक्या खिडकीखाली परदेशी माणसं डोळे टिपत उभी असतात. या अकरा इमारतींतली सातवी म्हणजे आमचं घर. एलियास थॉर्नक्वेस्टनं ते डॉक्टर प्रेंटिससाठी बांधलं. आम्ही स्टकी मंडळी तिथे बावीस वर्षं राहतोय, पण फाटकावरच्या पितळी पाटीवर अजून 'प्रेंटिस हाऊस'च आहे. पुढची अख्खी भिंत काचेची. कलेच्या एका जाडजूड पुस्तकात आमच्या घराचा फोटो आहे आणि काचेमागे बनियनवर वाडगा घेऊन उभा असलेला मी आहे. त्याखाली लिहिलंय, 'मानवी आकृतीवरून उंचीचा अंदाज यावा.' मी शाळेतल्या पोरांना मोटार चालवायला शिकवतो, त्यांच्यात माझी जी काही पत होती ती त्या पुस्तकानं घालवली.

पण सगळ्यात प्रसिद्ध आहेत त्या पुढच्या दाराच्या सहा पायऱ्या. पांढुरक्या दगडाच्या सहा लाद्या काचेखालच्या जोत्यातून सरळ बाहेर आल्या आहेत. खाली आधार नाही, बाजूला कठडा नाही. दुपारी ऊन कललं की लाद्यांच्या सावल्या एकीखाली एक अशा पडतात की मलासुद्धा, ज्याला त्यावरचा बर्फ खरवडावा लागतो त्यालासुद्धा, क्षणभर थांबावंसं वाटतं.

माझी आई, व्हर्ना, या घरात एकोणीस वर्षं धुणीभांडी करायला येत होती. दर शुक्रवारी त्या सहा पायऱ्या घासायची, आणि मग बादली उचलून, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत जायची. कामाची माणसं पुढून येत नसत. शाळेला सुट्टी असली की मी मागच्या खोलीत, धुण्याच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून असायचो. आठ वर्षांचा असताना त्या स्टुलावर मी ठरवलं की हे घर घेईन आणि या बाईला पुढच्या दारानं आत नेईन. पुढे घर विकायला निघालं, कुणालाच नको होतं, म्हणून आमच्या ऐपतीत आलं. तेव्हापासून दर रविवारी आई सहा पायऱ्या चढते, घंटा वाजवते, आणि मी इस्त्रीचा सदरा घालून दार उघडतो. आयुष्यात मी एवढं एकच काम ठरवून तडीस नेलं आहे.

ऑक्टोबरात आई किराणा दुकानात भोपळ्यांच्या ढिगाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. वय शहाऐंशी. शस्त्रक्रिया झाली, मग पुन्हा चालायला शिकवणाऱ्या व्यायामकेंद्रात रवानगी झाली. तिला आता एकटीनं राहता येणार नव्हतं. आमच्याकडे खोली होती, प्रश्नच नव्हता. प्रश्न काढला तो डॅनेट नावाच्या तिथल्या व्यायामतज्ज्ञ बाईनं. तिनं माझ्या फोनवरचा घराचा फोटो बघितला, बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "कठडा कुठाय?"

"कठडा नाही, हेच तर त्याचं वैशिष्ट्य," मी म्हणालो.

"वैशिष्ट्यावर मी सही करत नाही, मिस्टर स्टकी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी सकाळी दहाला मी घर बघायला येईन, आईंना बरोबर आणीन. सगळं ठीक असलं तर त्या तिथेच राहतील. नाहीतर मेपल रिजमध्ये खोली धरून ठेवलीय."

मेपल रिज म्हणजे चाळीस मैलांवरचा वृद्धाश्रम. तिथे दुपारी चारला रात्रीचं जेवण वाढतात आणि मग गाण्याच्या तालावर टाळ्या वाजवायला लावतात. आईच्या मैत्रिणीला तिथे ठेवली होती, ती तीन महिन्यांत बोलायची बंद झाली.

घरी येऊन नॅडीनला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती पोस्टात खिडकीवर बसते. समोरच्याचं म्हणणं अर्धंच ऐकून उत्तर द्यायची तिला सवय आहे.

"मागची जमीन उंच आहे, मागच्या दाराला एकही पायरी नाही," ती म्हणाली. "संपलं."

"माझी आई मागच्या दारानं येणार नाही."

"तिला विचारलंस?"

"यात विचारायचं काय?"

"मग मर," असं म्हणून तिनं मटार निवडायला घेतले.

शनिवारी मी लोखंडी सामानाच्या दुकानातून एक लांब पाइप आणि सहा खांब आणले. काम दोन तासांचं होतं. पाइप गाडीच्या खिडकीतून हातभर बाहेर आलेला. फाटकाशी गाडी वळवली तर समोर विन्स्लोबाई. या वारसा समितीच्या अध्यक्ष. बाई सज्जन आहेत, पण गावातली प्रत्येक इमारत त्यांना स्वतःच्या पोटची वाटते आणि राहणारी माणसं तिला झालेल्या पुळ्या.

"मर्ल, त्या पाइपचं तुम्ही काय करणार आहात?" त्यांनी गोड आवाजात विचारलं.

"पडदा लावणार आहे," मी म्हणालो. काचेच्या घरात राहून खोटं बोलू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पंधरा मिनिटांत बाई एक अर्ज घेऊन हजर. अर्जाचं नाव 'औचित्य प्रमाणपत्रासाठी विनंती.' पानं नऊ, प्रती तीन. 'प्रस्तावित बदलामुळे वास्तुशिल्पकाराच्या मूळ हेतूला बाधा पोचते काय?' असा एक प्रश्न होता. मी लिहिलं, 'ते वारले आहेत.' अर्ज 'उत्तर अपुरं' असा शेरा मारून परत आला. दुसऱ्यांदा मी लिहिलं, 'मूळ हेतू माणसांनी घरात जावं असा असावा.' त्यावर शेरा आला, 'पुरावा जोडा.'

समितीची सभा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असते. आमच्याकडे सभेत कुणालाही बोलता येतं, फक्त प्रत्येकी तीन मिनिटं, आणि मग घंटा. या लोकशाहीचा मला आजवर अभिमान होता. त्या दिवशी माझ्या आईच्या कठड्यावर चौदा माणसं बोलली. निवृत्त कलाशिक्षक म्हणाले की त्या पायऱ्यांमध्ये जी पोकळी आहे तीच खरी वास्तू आहे. एक बाई म्हणाल्या की कठडा लावणं म्हणजे मोठ्या कवीच्या ओळीत आपला शब्द घुसडणं. एकजण गावातल्या कुत्र्यांविषयी बोलला. त्याला अडवताही येईना, तीन मिनिटं त्याचीच होती. मग माझी पाळी आली. घसा खाकरण्यात, ध्वनिक्षेपक माझ्या उंचीला आणण्यात आणि आभार मानण्यात अडीच मिनिटं गेली. "पोकळीच्या खुब्याचं हाड मोडत नाही," एवढं एक वाक्य मी घरून पाठ करून नेलं होतं. ते 'पोकळीच्या खुब्याचं' इथवर आलं आणि घंटा झाली. इतिवृत्तात तसंच छापलंय. ठराव झाला की विषय उपसमितीकडे सोपवावा, अहवाल फेब्रुवारीत यावा.

मी घरी येऊन अंधारात बसलो. फेब्रुवारीपर्यंत आई मेपल रिजमध्ये टाळ्या वाजवत बसणार. आणि मी काय करणार, तर इस्त्रीचा सदरा घालून दर रविवारी चाळीस मैल गाडी हाकणार.

वाट दाखवली ती हर्शेलनं. समोरच्या साध्यासुध्या घरात राहणारा हा निवृत्त प्लंबर गेली बावीस वर्षं आपल्या ओसरीवर बसून आमचा काचेमागचा संसार फुकट बघतोय. एकदा त्यानं मला फोन करून सांगितलं होतं की नॅडीन रागावलेली दिसतेय, इतक्यात आत जाऊ नकोस. तर तो समितीचं नियमांचं पुस्तक घेऊन आला. चौदाव्या कलमावर त्यानं अंगठा ठेवला होता.

"वाच. 'सणानिमित्त केलेल्या तात्पुरत्या सजावटीस परवानगीची गरज नाही. पंधरा नोव्हेंबर ते पंधरा जानेवारी. भोकं पाडू नयेत.' नाताळची सजावट कर लेका! कोण अडवतंय?"

"सजावट कशाची?"

"कठड्याची! पण कठडा म्हणायचं नाही. साखरेच्या कांड्या म्हणायचं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, वर वाकलेल्या. त्यात पाइप."

नॅडीन आतून ओरडली, "मागचं दार!" आम्ही दोघांनी ऐकलंच नाही.

भोकं पाडायची नव्हती, म्हणून खांब रोवायला सहा बादल्या आणून त्यांत काँक्रीट ओतलं. बादल्यांना भेटवस्तूंचा चकचकीत कागद गुंडाळला. पाइपला लाल पट्ट्या मारल्या. तिसऱ्या पायरीवरची बादली ठेवताना हर्शेल म्हणाला, "सोड, मी धरलीय." मी सोडली. त्यानं धरलेली बादली दुसरी होती. आमची बादली दोन पायऱ्या ठणाठण उतरली, वाटेवरून घरंगळली आणि फाटकावरच्या पितळी पाटीच्या खांबाला जाऊन भिडली. पाटी वाकली. वाकलेली पाटी सरळ करायलाही औचित्य प्रमाणपत्र लागतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पाटी वाकडी झालेली मात्र एक तासात सगळ्या गावाला कळलं.

सोमवारी विन्स्लोबाईंचं पत्र आलं. सजावट ही 'प्रथमदर्शनी सजावटच वाटली पाहिजे', आणि आमची प्रथमदर्शनी कठड्यासारखी वाटते. सुधारणा न झाल्यास रोज दंड आणि सामान जप्त. झालं. आम्ही पाइपवर देवदाराच्या हिरव्या माळा गुंडाळल्या, त्यावर दिवे सोडले. हर्शेलला चेव चढला. त्यानं गुडघ्याएवढा एक सांताक्लॉज आणून पहिल्या पायरीशी ठेवला. समोरून कुणी गेलं की तो हसून गायला लागायचा. पोस्टमन दचकून झुडपात गेला.

मंगळवारी मी डॅनेटला उत्साहानं फोन करून कठड्याचं वर्णन केलं.

"माळा?" ती म्हणाली. "मिस्टर स्टकी, पाइपवर काहीही गुंडाळलेलं चालणार नाही. मूठ पुरी बसली पाहिजे."

म्हणजे माळ असली तर आई वृद्धाश्रमात, आणि माळ नसली तर दंड आणि कठडा जप्त. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मध्ये मी. त्या रात्री मला झोप नव्हती. शेवटी हर्शेलनंच उपाय काढला. माळा कपड्यांच्या चिमट्यांनी लावायच्या. डॅनेट आली की काढायच्या, ती गेली की लावायच्या. त्यानं घड्याळ लावून मोजलं. काढायला चाळीस सेकंद, लावायला दीड मिनिट. "विन्स्लोबाई गुरुवारी पर्यटकांची बस घेऊन येतात अकराला. डॅनेट दहाला. मध्ये एक तास आहे. जग उलटंपालटं होईल तेवढ्यात," तो म्हणाला.

गुरुवारी दहाला दहा कमी असताना बस आली. चर्चमधल्या ऑर्गनचं काम निघालं होतं म्हणून तिथला कार्यक्रम आटोपता घेतला होता. तीस पर्यटक हिरवळीवर उतरले. आम्ही तेव्हाच माळा काढल्या होत्या.

"लाव!" हर्शेल किंचाळला. आम्ही लावायला लागलो. सांताक्लॉज गायला लागला. पर्यटक आधी पांगले, मग जमले, आणि फोटो काढू लागले. एका दाढीवाल्यानं विन्स्लोबाईंना विचारलं, "हा प्रयोग कुणाचा? मांडणीशिल्प आहे का?" विन्स्लोबाईंच्या चेहऱ्याचा रंग माझ्या पाइपच्या लाल पट्ट्यांत मिसळला असता. शेवटचा चिमटा लावतो तोच केंद्राची पांढरी गाडी फाटकात शिरली.

"काढ!" मी म्हणालो.

"बाई बघतायत!"

"काढ म्हणतो ना!"

निम्मी माळ उतरली आणि निम्मी लोंबत राहिली. मी ती गळ्यात टाकून उभा राहिलो. गाडीचं दार सरकलं. डॅनेट खाली उतरली, तिनं चालण्याचा चौकटी आधार मांडला आणि आईला हात दिला. आई उतरली. फार बारीक दिसत होती. कोट तिच्या अंगावर टांगल्यासारखा होता. मला एकदम रडू आलं, पण तीस माणसं बघत होती.

आईनं पायऱ्यांकडे बघितलं. मग बादल्यांकडे, चिमट्यांकडे, सांताक्लॉजकडे, माझ्या गळ्यातल्या माळेकडे.

"काय रे हे?"

"कठडा, आई. तुझ्यासाठी."

"ही सजावट आहे!" हर्शेल घाईनं म्हणाला.

"काहीही असो, हे हलतंय," डॅनेट पाइप धरून म्हणाली. "यावर मी सही करणार नाही."

"आणि उद्याच्या उद्या हे सगळं निघालं पाहिजे," विन्स्लोबाई म्हणाल्या.

सगळे एकदम बोलायला लागले. आईनं आधाराची चौकट एकदा जमिनीवर आपटली, तेव्हा गप्प झाले.

"एकोणीस वर्षं या पायऱ्या मी गुडघ्यावर बसून घासल्या," ती म्हणाली. "चौथी लादी बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट आखूड आहे. आहे की नाही?"

विन्स्लोबाईंनी हातातली वही चाळली. "नोंद नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"वहीत कसं असेल? फडकं फिरवावं लागतं. सकाळी पाणी टाकलं की ते खालून कसं ठिबकतं, ते बघायला मी हातातलं काम टाकून बसायची. या घरात माझ्या मालकीचं तेवढंच होतं. आणि त्यावर तू बादल्या मांडल्यास? काढ ते सगळं. मी मागून येते."

"नाही!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सांताक्लॉजसुद्धा सुरू झाला. हर्शेलनं त्याला उचलून काखेत दाबला. "आई, तू मागच्या दारानं येणार नाहीस. मी शपथ घेतलीय. लहानपणी. त्या स्टुलावर बसून. घर घेतलं ते त्याच्यासाठी. बावीस वर्षं तुला मी पुढूनच आणलंय की नाही?"

आईनं माझ्याकडे वळून बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं. मी कधी बोललोच नव्हतो.

"म्हणून होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी मागून आलेलं नॅडीनला आवडत नसेल."

"काय?" नॅडीन पुढच्या दारातून डोकावून म्हणाली.

"अगं, मीही म्हटलं, रीत असेल यांची. मर्ल, तू रोज घरात कुठून जातोस?"

"मी? गाडी लावतो आणि... मागून."

"नॅडीन?"

"मागून."

"हा?" तिनं हर्शेलकडे बोट केलं.

"मागूनच," हर्शेल म्हणाला. "न वाजवता. फ्रिज तिथेच आहे ना."

"गावात कुणाच्याही घरी जा. पुढून कोण येतं? पाहुणे आणि पोलीस. घरची माणसं मागून येतात, धाडकन दार ढकलून. आणि मी दर रविवारी चांगले बूट घालून घंटा वाजवून उभी. लेकाच्या घरी. तू सदरा घालून दार उघडायचास. घरी जाताना मी मनात म्हणायची, पोरगा चांगला आहे, पण मला पाहुणीच धरतो."

तीस पर्यटकांत एकानंही कॅमेरा उचलला नाही, हे त्यांचे उपकार. बावीस वर्षांचे रविवार किती होतात याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि तो मी मध्येच सोडून दिला.

मग मी गळ्यातली माळ काढली आणि आईबरोबर घराला वळसा घालून चालू लागलो. डॅनेट मागून. मागच्या दाराशी डॅनेटनं उंबरा मापला, दाराची रुंदी मापली, दोनदा मान डोलावली आणि सही केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. आईनं दार आधाराच्या चौकटीनं ढकललं आणि आत शिरली. धुण्याच्या मशीनवर माझे मोजे पडले होते, ते उचलून तिनं बादलीत टाकले. स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दार लाव, थंडी आत येतेय. कॉफी टाक."

मी कॉफी टाकली. पाठोपाठ विन्स्लोबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात वही उघडी. त्यांना चौथ्या लादीविषयी आणखी विचारायचं होतं. एवढ्या वर्षांत त्यांना काहीतरी विचारताना मी प्रथमच बघत होतो. त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच आईनं हात वर केला.

"तिला पुढून घे, मर्ल," ती म्हणाली. "पाहुणी आहे."

विन्स्लोबाई मुकाट्यानं घराला वळसा घालायला निघाल्या, आणि मी पुढचं दार उघडायला गेलो.